धुण्याच्या खोलीतली काडतुसं

मी, ऑर्ला ब्रँडवोल्ड, वय ६३ वर्षे, टपाल कचेरीतून निवृत्त, सध्या घरकाम, राहणार हेरॉन क्रीक रस्ता, लार्च फॉर्क, मोंटाना. आज दिनांक १४ ऑक्टोबर रोजी सकाळी दहा वाजता शेरीफच्या ठाण्यात स्वतःहून हजर होऊन डेप्युटी टेनर यांच्यासमोर जबाब देते की,

वरील पत्त्यावर मी व माझे पती मर्ल, वय ६६, असे दोघेच राहतो. मर्ल लाकूड गिरणीत करवत चालवायचे. शनिवारी ११ तारखेला आमचे शेजारी वेंडेल स्ट्रूट यांच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटले. त्याबाबत मर्ल यांनी त्याच दिवशी जबाब दिला आहे. तो मला काल वाचून दाखवण्यात आला. त्यात एक गोष्ट खरी नाही, म्हणून मी आले आहे.

दोन वर्षांपूर्वी गावातल्या दुकानात काडतुसे मिळेनाशी झाली. तेव्हा मर्ल म्हणाले, "बटाटे आपले, लाकूड आपलं, हरणाचं मांस आपलं, मग काडतुसासाठी कोणाच्या दारात का उभं राहायचं?" त्यांनी हाताने दाबायचे यंत्र, तराजू व एक जाड पुस्तक आणले. धुण्याच्या खोलीत टेबल ठोकले. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, बुडात ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर शिशाची गोळी दाबायची, असे ते काम आहे. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे की काम चालू असताना बोलू नये व कोणी मध्ये येऊ नये. म्हणून मर्ल यांनी आतून कडी लावली. त्या खोलीला खिडकी नाही.

पहिला हिवाळा ते एकटेच करायचे. गेल्या वसंतात एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. टेबलावर दारू सांडली होती. ते म्हणाले, "तराजू खराब झालाय. जरा तू बघ." तराजू चांगला होता. त्यांचा उजवा हात थरथरत होता. त्या दिवसापासून तराजूवर मी बसले. यंत्राचा दांडा ओढायला जोर लागतो, तो ते दोन्ही हातांनी ओढायचे. रोज दुपारी दोन ते चार आम्ही आत असायचो. माझे स्टूल भिंतीकडे आणि मर्ल यांची खुर्ची दाराला टेकलेली. हाताबद्दल त्यांनी डॉक्टरला दाखवलेले नाही. मीही कोणाला सांगायचे नाही, असे ठरले होते. ठरले म्हणजे ते म्हणाले.

वेंडेल आमच्याकडे कॉफीला येत. ते म्हणायचे, "मर्लचा हात म्हणजे घड्याळजीचा हात! काय गं ऑर्ला, तुला तरी हात लावू देतो का त्या तराजूला?" मर्ल म्हणायचे, "ती बाहेर लोणची घालते." वेंडेल हसायचे. मीही हसायचे.

गुरुवारी २ ऑक्टोबरला दुपारी तीनच्या सुमारास मी ठोकळ्यात उभ्या लावलेल्या पन्नास पुंगळ्यांत दारू घालत होते. तिसऱ्या ओळीत असताना बाहेर फोन वाजला. कोणी उचलला नाही म्हणून फोनच्या निरोपाच्या यंत्रावर आवाज आला. तो माझी बहीण इंगा हिचा होता. ती स्पोकेनच्या रुग्णालयात होती. ती म्हणाली, "ऑर्ला, आज ऑपरेशनला नेतायत गं मला आत. तुमच्या घड्याळात चारला. तोवर एकदा बोल. मला भीती वाटतेय."

मी मर्ल यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "ठोकळा अर्धा सोडायचा नाही. पुस्तकात काय लिहिलंय?" मी म्हणाले, "दोनच मिनिटं." ते म्हणाले, "हा संपव, मग जा की. कोणी धरून ठेवलंय तुला?"

डेप्युटींनी विचारले की कडी आतून होती, तर उघडता आली नसती का. उघडता आली असती. त्यासाठी त्यांना खुर्चीवरून उठवावे लागले असते. मी उठवले नाही.

मी पुन्हा तराजूकडे वळले तेव्हा हाताखालच्या पुंगळीत दारू घातली होती की नव्हती, ते मला आठवेना. दारूचे माप लहान असते, पुंगळीत दुसरे मापही सहज मावते, आणि दुप्पट दारूने बंदूक फुटू शकते. मी घातले व पुढे गेले. संशय आल्यास सगळ्या पुंगळ्या रिकाम्या करून पहिल्यापासून भरायच्या असतात. त्याला आणखी तासभर लागला असता. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून बघायचे असते. मर्ल यांनी विचारले, "बघितलंस ना?" मी "बघितलं" म्हणाले. मी बघितले नव्हते. मला बाहेर जायचे होते.

आम्ही चार वाजून दहा मिनिटांनी बाहेर आलो. इंगाला आत नेले होते. तिचे सर्व ठीक झाले. दुसऱ्या दिवशी तिने विचारले, तेव्हा मी बाजारात गेले होते असे सांगितले.

त्या दिवशीच्या पन्नास काडतुसांचा डबा खोलीतल्या फळीवर होता. त्यावरची तारखेची चिठ्ठी माझ्या अक्षरात आहे. नऊ दिवस मी रोज त्याच्यासमोर बसून दुसरे डबे भरले. आपण भरलेले काडतूस दुसऱ्याला देऊ नये, असेही पुस्तकात आहे. तरी शनिवारी दुपारी वेंडेल आले तेव्हा मर्ल यांनी तोच डबा काढला. मी भांडी घासत होते. मी म्हणाले, "तो राहू दे, दुसरा दे."

मर्ल म्हणाले, "का? ह्यात काय खोट आहे?"

वेंडेल माझ्याकडे बघत होते. मर्ल यांनी उजवा हात खिशात घातला होता. मी म्हणाले, "काही नाही."

वेंडेल डबा घेऊन कुंपणामागच्या खडीच्या खाणीत नेमबाजीला गेले. मी चार आवाज ऐकले. पाचवा वेगळा होता. मी भांडे टाकून धावले. त्यांची दोन बोटे जमिनीवर होती. माझ्या ॲप्रनने मी हात बांधला. ते म्हणत होते, "मर्लला सांगू नकोस, त्याला फार वाईट वाटेल." त्यांच्या उजव्या डोळ्याबद्दल डॉक्टर अजून काही सांगत नाहीत.

मर्ल यांनी जबाबात लिहिले आहे की सर्व काडतुसे त्यांनी एकट्याने भरली. लोक म्हणतील, बायकोला वाचवायला खोटे बोलला. तसे असेलही. पण त्यांचा हात कोणाला दिसू नये म्हणूनही असेल. काल मी त्यांना सांगितले की मी ठाण्यात जाणार. ते म्हणाले, "मग माझ्या हाताचं काय सांगशील?" वेंडेलच्या हाताबद्दल त्यांनी विचारले नाही. आज गाडी मी चालवली. ते बाहेर गाडीत बसले आहेत. त्यांना आत बोलवायचे का असे डेप्युटींनी विचारले, मी नको म्हणाले.

माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही.

हा जबाब डेप्युटींनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी 'पतीला मदत करत असे' असे लिहिले होते. ते खोडून 'दारू मी भरत असे' असे करायला सांगितले व तिथे वेगळी सही केली. बाकी मी सांगितले तसेच आहे.

ऑर्ला ब्रँडवोल्ड