मान वर करून बघणारी पोर

लातूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या तनुजाच्या कानावर मागच्या बाकावरच्या सासू-सुनेचं बोलणं पडलं.

“चार वर्साच्या लेकराला कुठं कापतेत व्हय? पापणीच तर खाली हाय. लग्नाच्या येळेला बघू.”

“आत्या, डाक्टर म्हनले, पापणी बुबुळावर राहिली की डोळा बघायचंच इसरतो. मंग उचलून उपेग न्हाई.”

“तिला समदं दिसतंय.”

“मान वर करून बघती म्हनून दिसतंय. तुमाला तो तोरा वाटतो.”

म्हातारीचा आवाज खाली आला.

“त्या तोऱ्यापायी म्या मारलंय गं तिला. दोनदा.”

“आत्या, नंबर आला.”

“आण तिला हिकडं. कडेवर घेते. आपरेशनची तारीख म्याच इचारते.”