पुरणपोळीच्या गाडीवरचं झुरळ

नाही, पण मी म्हणतो, झुरळच का? पेस्ट कंट्रोलवाल्याला गाडीवर लावायला दुसरं काही सुचू नये? हिरवं पान लावा, हसणारं कुटुंब लावा... नाही! साडेतीन फुटी झुरळ! मिशा पार मागच्या दिव्यापर्यंत! वर लाल अक्षरांत, 'झुरळं, ढेकूण, उंदीर... एका फोनवर खलास!' आणि ही जुनी व्हॅन, तुम्हाला सांगतो, आमच्या रंगरावांनी घेतली कशासाठी, तर पुरणपोळ्या पोचवायला!

रंगराव खडकीचे, फॅक्टरीतून नुकतेच रिटायर झालेले. सुशीलाबाई त्यांच्या पत्नी. त्यांच्या हातची पोळी म्हणजे... जाऊ द्या, तुम्ही अजून जेवला नसाल. तीस वर्षं बाई म्हणत होत्या, 'माझं स्वतःचं काहीतरी काढीन', आणि आत्ता कुठे पहिली मोठी ऑर्डर आली. रविवारी वाघोलीत साखरपुडा, दोनशे पोळ्या! बुधवारी रंगराव गाडी घेऊन दारात हजर. बाईंनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एवढंच विचारलं, "अहो, यातून आलेली पोळी तुम्ही खाल?"

"स्टिकर आहे गं नुसता! दहा मिनिटांत काढतो!"

दहा मिनिटं! बुधवार गेला नखानं खरवडण्यात. निघालं किती? एका मिशीचं टोक! गुरुवारी त्यांनी लेकीचा, ऋतुजाचा, हेअर ड्रायर पळवला, वायर खिडकीतून खाली सोडली आणि झुरळाला गरम हवा द्यायला लागले. वरून ऋतुजा, "बाबा, सीरियसली? तुम्ही त्याचा ब्लो-ड्राय करताय?" अर्ध्या तासात ड्रायरनं धूर सोडला... आणि झुरळ? जागच्या जागी!

मग उलथनं. हो, पोळीचंच! बाईंच्या लक्षात येईपर्यंत निम्मा स्टिकर निघाला होता, तोही चिंध्याचिंध्यांनी, आणि खाली डिंक. असला डिंक, की हात लावला तर रंगराव गाडीला आणि गाडी रंगरावांना सोडेना! शेजारचे विश्वजीत गॅलरीत चहा पीत सगळं बघत होते. म्हणाले, "खोबरेल लावा." लावलं! दुपारच्या वाऱ्यात रस्त्यावरची धूळ, गुलमोहराची पानं, कुणाचं तरी बसचं तिकीट, सगळं येऊन चिकटलं. झुरळाला चक्क अंगभर केस आले! विश्वजीत वरून म्हणाले, "लावून पुसायचं असतं. मला वाटलं, तेवढं तुम्हाला कळत असेल."

शनिवारी शेवटी स्वारगेटजवळ मच्छिंद्रकडे. हा दिवसभर टेम्पोंवर स्टिकर लावतो, नाहीतर काढतो. त्यानं हीटगन धरली, उरलेला स्टिकर सालीसारखा सोलला, कसलंसं औषध मारून डिंक पुसला, आणि रंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! मग मच्छिंद्र दोन पावलं मागे सरकला.

"काका, स्टिकर गेला. पर गाडीनं सात वर्सं ऊन खाल्लंय. सगळा रंग पिवळा पडलाय, फकस्त झुरळाखालचा पांढराशुभ्र ऱ्हायलाय."

"म्हणजे... दिसतंय?"

"जवळनं न्हाई एवढं. लांबनं लई झ्याक दिसतंय!"

चार दिवस, एक ड्रायर, एक उलथनं... आणि झुरळ? जागच्या जागी!

रविवारी पोळ्यांचे डबे मागे रचून, एक डबा मांडीवर घेऊन सुशीलाबाई गाडीत बसल्या. खडकी ते वाघोली तोंड खिडकीकडे! रंगरावांना वाटलं, बाईंची तीस वर्षांची हौस आपण मातीत घातली. हॉलच्या मागच्या दाराशी गाडी थांबते न थांबते तोच आचारी धावत आला. "आलात का! या, या, कोठीघरात लय झालीत!"

"अहो, आम्ही पोळ्या..."

"पोळ्या नंतर खा! आधी मारा!"

रंगरावांचा चेहरा असा पडला, की विचारू नका! पण बाई? बाई शांतपणे उतरल्या, डब्याचं झाकण काढलं, पोळीचा मोठा तुकडा मोडला आणि बोलत्या आचाऱ्याच्या तोंडात घातला. आचाऱ्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा म्हणाला, "माउली, अजून एक द्या. झुरळांचं बघू सावकाश."

पंगतीत नवऱ्या मुलाच्या आत्यानं तीन पोळ्या खाल्ल्या आणि चौथी पर्समध्ये टाकली! चार जणींनी बाईंचा नंबर घेतला. बाई अशा हसल्या, अशा हसल्या, की रंगरावांना लग्नातला फोटो आठवला. पार्किंगमध्ये मात्र नऊ जण रंगरावांना गाठून उभे. "काका, ढेकणांचं पण करता का हो?" आता रंगरावांना उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलंय? नऊच्या नऊ लिहून घेतले, आणि सोमवारी सकाळी फवारणीचा पंप विकत आणून गाडीची किल्ली शोधायला लागले.

किल्ली बाईंच्या कमरेला.

"ती गाडी खायच्या पदार्थांची आहे," बाई म्हणाल्या. "ढेकूण मारायला बसनं जा."

...गेले हो! पाठीवर पंप, हातात तिकीट, आणि कंडक्टर म्हणतोय, "काका, पंपाचंही अर्धं काढा!"