धुतलेला डबा

नाही, पण मी म्हणतो, दोन भाकऱ्यांना नाही कसं म्हणायचं? आणि त्याही बसम्माच्या हातच्या, आणि त्याही माझ्याच डब्यात घालून दिलेल्या, आणि मी तिथं गेलो होतो कशाला तर देणं फेडायला... थांबा. असं मधूनच सांगायला लागलो तर तुम्ही म्हणाल, आई गेल्यापासून ह्याचं डोकं जाग्यावर नाही. आई गेली त्याला परवा दोन महिने झाले. डोकं जाग्यावर आहे. वाणिज्य शाखेचा माणूस मी, आयुष्यभर पोरांना जमाखर्च शिकवला. आणि तुम्हाला सांगतो, त्या वेळीसुद्धा हिशेब माझा पक्का होता.

साल बहात्तर. सोलापुरात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. बाळीवेशीत एक खोली, आणि जेवायला कल्लप्पाची खाणावळ. वडील रावजी, मैंदर्गीला जकात नाक्यावर कारकून. महिन्याला पन्नासाची मनिऑर्डर करायचे. चाळीस खाणावळीचे, दहा खोलीचे. आता पन्नासातून पन्नास गेले की विद्यार्थ्यानं चहा कशातून प्यायचा, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही आणि मी कधी विचारला नाही. त्यात गॅदरिंग आलं. सगळ्यांच्या टेरिलिनच्या पँटी आणि मी एकटा पायजम्यात, म्हणजे नाटकात म्हाताऱ्याचं काम करायला उभा राहिल्यासारखा. घेतली पँट. कल्लप्पाला म्हटलं, पुढच्या महिन्यात देतो. आता पुढचा महिना ही अशी गोष्ट आहे की ती दर महिन्याला पुढेच असते. मग दुष्काळ पडला, वडिलांचा पगार लांबला, मनिऑर्डर पन्नासाची पंधरा झाली, आणि एक दिवस बघतो तर कल्लप्पाच्या वहीत माझ्या नावावर शहाण्णव रुपये.

कल्लप्पा ओरडायचा नाही. ओरडला असता तर परवडलं असतं. तो वाढताना बोलायचा, भर पंगतीत, अगदी मायेनं. "एकनाथरावांना आमटी वाढ की रे, शहाण्णव रुपयांचे पाव्हणे हायत." पंगतीतली सगळी पोरं माना वर करून माझ्याकडं बघायची. मी म्हणायचो, बास बास. तर हा, "बास का म्हनताय सायेब, शहाण्णव तितं सत्त्याण्णव. लाजू नका." आणि गल्ल्याच्या मागं देवाची तसबीर, त्या तसबिरीच्या कडेला एक पोस्टकार्ड खोचलेलं. पत्ता लिहून तयार. श्री. रावजी, जकात नाका, मैंदर्गी. आत मजकूरही तयार. मी म्हटलं, कल्लप्पा, हे काय? तर म्हणतो, "टाकत न्हाय वो मी. नुसतं लिवून ठिवलंय. माजं बी मन हलकं, तुमचं बी ध्यान जाग्यावर." आणि त्या कार्डाचे दहा पैसे... तेही वहीत माझ्याच नावावर.

आता ते कार्ड गेलं असतं तर वडील रागावले असते असं समजू नका.  जन्मभर लोकांच्या गाड्या तपासल्या, पण आंब्याच्या गाडीतला आंबा कधी घरी आणला नाही. ते कार्ड वाचून घडी घालून खिशात ठेवलं असतं, आणि पुढच्या शनिवारी घड्याळ विकून, रिकाम्या मनगटानं नाक्यावरून घरी आले असते. एवढंच. त्या एवढ्यालाच मी भ्यायलो होतो.

म्हणून बसलो हिशेबाला. खाणावळ बंद करायची, म्हणजे कर्ज वाढायचं थांबलं. साखर पेठेत एका विणकराच्या दोन पोरांची शिकवणी धरली. पोरं तेलुगूत भांडायची, मी मराठीत पाढे म्हणायचो, आणि बारा रुपये महिना. राहिलं पोट. तर त्या काळी आमच्या भागात पोरांना एस.टी.नं डबे यायचे. सकाळी आईनं गावच्या स्टँडवर डबा ड्रायव्हरच्या हवाली करायचा, तो बॉनेटवर ठेवायचा, साडेनऊला सोलापूरच्या स्टँडवर कंडक्टर ओरडणार, "मैंदर्गीवाले, डबे उचला." भाकरी इंजिनाच्या उबेनं गरम, आणि डिझेलचा वास फुकट. संध्याकाळच्या गाडीला रिकामा डबा परत. मी घरी लिहिलं, खाणावळीचं अन्न सोसत नाही, डबा पाठवा. पोट बिघडलंय म्हटल्यावर आई काय विचारत बसते का? दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू. चार भाकऱ्या, शेंगाची चटणी, कधी पिठलं. वडिलांच्या पत्रात खाली एक ओळ, "तुझी आई सांगते, डबा धुऊ नकोस. तसाच लावून दे. तिला कळतं."

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. कळतं म्हणजे काय कळतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

आता इथं हिंदुराव येतो. माझ्या शेजारच्या खोलीतला, अकलूजचा. पाटाचं पाणी, ऊस, साखर कारखाना. त्याच्या गावाला दुष्काळ असतो हे त्यानं वर्तमानपत्रात वाचलेलं. महिन्याला शंभराची मनिऑर्डर आणि तोंडाला चव नाही. माझा डबा उघडला की दारात हजर. "एकनाथ, तुझ्या आईच्या हाताला लई चव हाय गड्या. एक दे की." पहिले दोन दिवस दिली. तिसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "फुकट नगं. दोन भाकरी, आठ आणे." तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आठ आणे रोज, रविवार सोडून सव्वीस दिवस, तेरा रुपये. अधिक शिकवणीचे बारा, पंचवीस. चार महिन्यांत कल्लप्पा खलास. दोन भाकऱ्या हिंदुरावाच्या, दोन माझ्या, एक सकाळी, एक रात्री. हिशेब माझा पक्का होता.

हिंदुराव खायचा कसा ते सांगतो. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं चटणी पुसायचा, मग बोटानं डबा पुसायचा, मग बोट पुसायचा... तोंडानं. वर मी तो डबा नळावर धुऊन टाकायचो. का? तर दोन माणसं जेवल्याची खूण राहू नये. काय ही अक्कल.

महिन्याभरात वडिलांचं पत्र. "तुझी आई म्हणते, डबा कोरडा ठणठणीत येतो. शीत नाही, कण नाही. पोराचं पोट भरत नाही. सोमवारपासून एक भाकरी जास्त." मी काय केलं असेल? हिंदुरावाचे बारा आणे केले. पुढल्या महिन्यात आणखी एक पत्र, आणखी एक भाकरी. सहा. चार त्याच्या, रोजचा एक रुपया. मी? मी दोनच. कर्ज फिटेपर्यंत तिसरीला हात लावायचा नाही, हिशेब म्हणजे हिशेब. रात्री भूक लागायची, तेव्हा पाणी पिऊन झोपायचो आणि झोपेत बेरीज करायचो. पंचवीस, साडेएकतीस, अडतीस. तीन महिन्यांत साडेचौऱ्याण्णव. चाराचे तीन झाले. कल्लप्पापुढं पैसे ओतले. त्यानं मोजले, पुन्हा मोजले, म्हणाला, "दीड रुपया सोडला तुमाला. कार्डाचे धा पैसे तेवढे टाका." टाकले. त्यानं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. मी ते बाळीवेशीत भर रस्त्यात फाडलं आणि छाती काढून चाललो, असा की बघणाऱ्याला वाटावं, ह्यानं कापड गिरणी विकत घेतली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेलो तर आई निम्मी झालेली. मी म्हटलं, आई, वाळलीस. तर म्हणाली, "दुष्काळात कोण सुजतंय?" आणि माझ्या ताटात पांढरी शुभ्र भाकरी. तू काय जेवतेस, असं कुणी त्या वेळी आईला विचारायचं का? ती मागनं जेवायची, चुलीपाशी, सगळ्यांकडं पाठ करून. तशी ती नेहमीच जेवायची. मीही पाठच बघितली.

हे झालं चोवीस वर्षांपूर्वी. आता आई गेली तेव्हा गावात माणसं येऊन बसत होती, उठत होती. सगळी गेल्यावर शेजारची बसम्मा राहिली. आईहून दोन वर्षांनी मोठी, मला लहानपणापासून तम्मा म्हणते, कानडीत बाळा म्हणतात तसं. पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तम्मा, तुजी आई लई हट्टी. माजी एक अधोली ठिवूनच गेली बग." मी म्हटलं, कसली अधोली? तर म्हणाली, "जोंधळ्याची. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

मला म्हाईत न्हाय व्हय. तुम्हाला सांगतो, मला काही काही माहीत नव्हतं.

आमच्या कणगीतली ज्वारी दिवाळीलाच संपली होती. रेशनवर मिळायचा तो तांबडा मिलो, अमेरिकेतून आलेली ज्वारी. थापताना तुटायचा, घशाखाली उतरायचा नाही. तो आई-वडील खात होते. आणि पोराचं पोट बिघडलंय, त्याला मिलो कसा सोसायचा, म्हणून आई बसम्माकडून माप उसनं आणायची. अधोली अधोली करून. बसम्मानं दाराआड कोळशानं रेघा मारल्या होत्या. "आदी आटवड्याला येक न्यायची. मग म्हनाली, पोराचा डबा कोरडा येतोय, पुरंना झालंय त्येला. मग दोन न्यायला लागली. सव्वीस रेघा झाल्या बग." सव्वीस. माझा रविवार सोडून महिना सव्वीस दिवसांचा, आणि तिच्या रेघा सव्वीस. पुढं दर सुगीला दोन-तीन मापं फेडत गेली, वर शीग लावून. ज्वारी नसली की शेवया करून द्यायची, तिखट कांडून द्यायची. पंचवीस फेडली.

म्हणजे मी कर्जातून सुटलो ना, तेव्हा ते कर्ज कुठं गेलं नव्हतं. बॉनेटवर बसून रोज संध्याकाळच्या गाडीनं मैंदर्गीला जात होतं. धुतलेल्या डब्यातून. एक चतकोर... एक चतकोर उरवला असता तर तिला कळलं असतं, पोरगं जेवलं.

मी म्हटलं, बसम्मा, शेवटचं माप का राहिलं? तर म्हणाली, "मुद्दाम ठिवलं तिनं. म्हनायची, समदं फिटलं की मग तुज्या दारात कशाला येऊ?" आता ही नोंद जमाखर्चाच्या मास्तरानं कुठल्या रकान्यात मांडावी? पण मी मास्तरच. माझ्याच्यानं राहवेना. तीन दिवसांमागं सोलापुरात चांगली बार्शीकडची ज्वारी घेतली, आईचा तोच जुना डबा माळ्यावरून काढला, त्यात दाबून भरली आणि एस.टी.नं मैंदर्गीला गेलो. डबा मांडीवर. बसम्मानं ज्वारी मापात ओतली, शीग हातानं सारखी केली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "फिटलं." मी उठलो. तर म्हणते, "थांब तम्मा. रिकामा डबा द्यायचा आसतो व्हय?" आणि चुलीपुढं बसली, आणि घरातल्या पिठाच्या दोन भाकऱ्या...

घरी येऊन जेवलो. दोन्ही संपल्या असत्या, भूक होती. पण चतकोर ठेवला. डबा ओट्यावर तसाच. तीन दिवस झाले. आज सकाळी आमची मालती म्हणते, "अहो, डब्यातल्या त्या चतकोराला मुंग्या लागल्यात. धुऊन टाकू का?" म्हटलं, धुऊ नको. म्हणाली, "आणि मुंग्यांचं काय करायचं?"

म्हटलं, त्यांचं तूच बघ. माझा हिशेब कच्चा आहे.