हापशीवरचा नंबर

दि. १० जुलै २०२५

मी किसन महादेव ढवस, वय ४९ वर्षे, धंदा डाळ मिलमध्ये मशीन चालविणे, राहणार लोहारा, यवतमाळ शहर. कोणी बोलाविले नसताना ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो ते येणेप्रमाणे:

सोमवारी, ७ तारखेला पहाटे मी ध्यानाला बसलो नाही. अकरा वर्षांत तसे प्रथमच झाले. मुलगी सुरभी, वय ११, हिला उठविले आणि साडेपाचच्या गाडीने मुकुटबनला नेले. तेथून ऑटोने माझ्या जन्मगावी, मौजा चिंचढोह येथे, पावणेदहाला पोहोचलो. माझी बहीण मैनाबाई हिच्या घरी सुरभीला तेथील शाळेचा गणवेश घातला. तो शेजारच्या सलोनी नावाच्या मुलीचा जुना गणवेश होता. बाह्या आखूड पडल्या.

कारण असे की, सुरभीची सरकारी निवासी शाळेत सहावीसाठी निवड झाली आहे. मागील वर्षी सेतू केंद्रात फॉर्म भरताना तेथील मुलाने "ग्रामीण का शहरी?" असे विचारले. मी "गावातच राहतो" म्हणालो. लोहाऱ्याला आम्ही गावच म्हणतो. लोहारा काही वर्षांपूर्वी नगरपरिषदेत गेले, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले नाही. ग्रामीण जागेसाठी मुलाला तिसरी, चौथी, पाचवी खेड्यात शिकावी लागते. सुरभी तिन्ही वर्षे लोहाऱ्यातच शिकली. इथपर्यंत ती चूक होती.

निकालानंतर कागदांची यादी आली, तेव्हा मला सर्व समजले. तरीही मी चिंचढोहचे मुख्याध्यापक गुलाबसिंग यांच्याकडे गेलो. आम्ही त्याच शाळेत एका पट्टीवर बसून शिकलो. ते म्हणाले, "किसन, माही नौकरी जाईन ना बे." मी त्यांचे पाय धरले. त्यांनी सुरभी तेथे शिकल्याचा दाखला दिला. पैसे घेतले नाहीत.

सोमवारी दाखल्याच्या पडताळणीला त्या शाळेत साहेब येणार होते. रस्त्यात सुरभीने मला विचारले, "बाबा, त्या वर्गात खिडकी कोणत्या बाजूनं हाये?" मी शिकत होतो तेव्हा तेथे एकच भिंत उभी होती.

सव्वाअकराला जीप आली. मी पाण्याच्या टाकीआड उभा राहिलो. तेथून वर्गातले ऐकू येत होते. साहेबांनी सुरभीला विचारले, "तुझी मैत्रीण कोण?" ती बोलली नाही. मग सलोनी म्हणाली, "मी हावो साहेब. तिसरीपासून माह्याच बाजूले बसते." साहेबांनी सही केली.

जीप गेल्यावर सलोनी टाकीजवळ आली. म्हणाली, "काका, बरोबर बोलली ना मी? माहं नाव थांबायच्या यादीत पह्यलंच हाये. सुरभी गेली का मंग माहाच नंबर." मी म्हणालो, "तसं नसते, बाई." ती हसून म्हणाली, "काहून नसते? हापशीवर कसं, पुढचीची गुंडी भरली का मंग आपली." सुरभी माझ्याजवळच उभी होती. तिने खाली पाहिले. सुरभीने जागा घेतली तर तिचा नंबर लागणारच नाही, हे मी सलोनीला सांगितले नाही.

मंगळवारी गुलाबसिंग यांचा फोन आला, "झालं बाप्पा! पेढे कव्हा?" त्या दिवसापासून मिलच्या फाटकात कोणतीही गाडी वळली की मी मशीन बंद करतो. मालक दोनदा बोलले.

बुधवारी सुरभी आरशापुढे उभी राहून "मी तिसरीपासून चिंचढोहले होती" असे म्हणत होती. माझी पत्नी सत्यभामा म्हणाली, "आता झालं ना ते, घरात तरी नको बोलू." सुरभी म्हणाली, "सवय लागाले पाह्यजे ना आई. तिथं सात वर्षं सांगा लागन."

आज पहाटे मी ध्यानाला बसलो. उठल्यावर सुरभीला सांगितले की, ही जागा सोडायची. ती रडली नाही. तो गणवेश धुतलेलाच होता, तरी तिने पुन्हा धुतला, आणि सलोनीला परत द्या म्हणाली.

नंतर गुलाबसिंग यांना फोन केला. ते म्हणाले, "तुले बुडाचं तं बुड, मले कायले नेतं?" मग विचारले, "माहं नाव घेशीन?" मी हो म्हणालो. त्यांनी फोन ठेवला नाही. मलाच ठेवावा लागला. मी पाय धरले नसते तर त्यांनी दाखला दिला नसता, ही गोष्ट या जबाबात ठळकपणे लिहावी अशी विनंती आहे. सलोनी जे बोलली त्याला आम्ही मोठेच जबाबदार आहोत. तिला काहीही विचारू नये, एवढेच मागतो.

सकाळी अकराला निवासी शाळेत जाऊन सुरभीची जागा सोडत असल्याचा आणि दाखला खोटा असल्याचा अर्ज मी प्राचार्यांच्या हातात दिला. त्यावर शिक्का घेतला. ती प्रत सोबत जोडली आहे. जागा सलोनीलाच मिळेल का, असे विचारले. ते नियमाप्रमाणे होईल, असे सांगण्यात आले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात माझा पत्ता खेड्याचा लिहितात तसा, "मौजा लोहारा" असा लिहिला होता. मी तो खोडायला लावून "लोहारा, यवतमाळ शहर" असे करून घेतले आणि खाडाखोडीवर सही केली. आता सर्व मजकूर मी सांगितल्याप्रमाणे खरा आहे.