डाव्या पायाला काम

हॅलो? … हाव, मीच बोलतोय. अक्का, बरं झालं तूच फोन केलास. आधी खाली बसून घे. लातूरच्या इतिहासात आजवर जे घडलं नव्हतं, ते आज सकाळी माझ्या दारात घडलं.

… नाही नाही, भूकंप नाही. भूकंप झाला असता तर हा फोन लागला असता का?

… माझ्या क्लासचं पोरगं बोर्डात आलं, असंही नाही. अजून निकाल कुठं लागलेत?

… अगं ऐक ना. आपल्या गाडीला क्लच बसला.

… क्लच. … क्लच गं, पायाखाली असतो तो. आपली गाडी जपानी. भूकंपाच्या मदतीला आलेले गोरे लोक जाताना विकून गेले, ती. तिला क्लच नव्हता, गिअर आपोआप पडायचे. आता हातानं टाकायचे. एक, दोन, तीन, चार, आणि मागं जायचा एक वेगळा.

… हाव, जे आपोआप होत होतं, ते हातानं करायला मी पैसे दिले. तू पण त्या खाजाभाईसारखीच बोलून राहिलीस. … आपला नांदेडचा मिस्त्री. त्यानं गाडीखालून मान बाहेर काढली आणि म्हणाला, "सर, हातात पैसा आला की माणूस क्लच काढतो. बसवायला आलेले तुम्ही पहिलेच." मी म्हटलं, भाई, कुठल्यातरी गोष्टीत लातूरचा पहिला नंबर नको का?

… दोन महिने लागले. तसल्याच गाडीचा क्लचवाला गिअरबॉक्स हैदराबादच्या भंगारातून आणला. मधला पत्रा कापून गिअरच्या दांड्याला जागा केली. सगळं बसवलं, आणि किल्ली फिरवली तर गाडी गप्प. … का म्हणजे, तिला अजून वाटत होतं की आपण ऑटोमॅटिकच आहोत. जुना दांडा जागेवर आल्याशिवाय चालू व्हायचं नाही, अशी तिला शिस्त होती. आणि दांडा तर गेला भंगारात. शेवटी खाजाभाईनं दोन तारा एकमेकींना जोडून तिची समजूत काढली.

… कशासाठी म्हणजे? तत्त्वासाठी. मागच्या पावसाळ्यात बॅटरी उतरली, तेव्हा सकाळची आख्खी बॅच धक्का मारायला लावली होती मी. एकेक पोरगं नव्वद टक्क्यांच्या वरचं. औसा रोडवरून ढकलत नेली, घामाघूम झाली बिचारी, आणि गाडी ढिम्म. मग कळलं की ऑटोमॅटिक गाडी धक्क्यावर चालूच होत नाही. आता मला सांग, मराठवाड्यात राहायचं आणि धक्क्याला दाद द्यायची नाही, ही काय माणसात राहायची रीत झाली?

… अक्का, हेच खरं कारण आहे.

… हेच.

… कोण मडिवाळप्पा? … हाव, तुझे व्याही. त्यांचा काय संबंध?

… बरं. तुला माहीतच आहे तर कशाला वदवून घेतेस? तुझ्या पूनमच्या बोलणीला आपण उदगीरला गेलो होतो ना? गाडी हिनं चालवली. डायव्हरच्या दारातून लक्ष्मी उतरली, आणि दुसऱ्या दारातून मी, मांडीवरची फळांची करंडी सांभाळत. तर मडिवाळप्पा चारचौघांत म्हणाले, "म्याडम डायव्हर, अन् सर क्लीनर." सगळा ओटा हसला. तुझा होणारा जावई पण हसला. तू पण हसलीस, मी पाहिलंय.

… खोकला नव्हता तो.

… मी का चालवत नव्हतो, तर माझी शिकवण बाबांच्या वेळच्या जीपवरची. माझा डावा पाय रिकामा राहत नाही. क्लच समजून तो ब्रेक दाबायचा, आणि बाजूला बसलेलं माणूस काचेला जाऊन टेकायचं. सासूबाई दोनदा टेकल्या. तेव्हापासून त्या एसटीनं येतात. मग हिनं आपणहून किल्ली घेतली. हिला जीप माहीत नाही, क्लच माहीत नाही, त्यामुळं हिचा पाय गुमान बसून राहायचा. आता झाली ना पंचाईत तिची? डाव्या पायाला काम आलं, म्हणजे गाडी आपोआप माझी झाली. उद्या साखरपुड्याला तुमच्या देगलूरला मांडवाच्या दारात मी स्वतः गाडी उभी करणार. मडिवाळप्पांनी दार उघडायला आलं पाहिजे.

… ती काय म्हणणार? पेडल मोजले तिनं. तीन आहेत का, एवढंच विचारलं.

… चालवून पाहिली की.

… गेटपासून. … गेटपर्यंत.

… अगं बंद पडून राहिली. क्लच सोडला की उडी मारते आणि बसते. नवी प्लेट आहे, जरा कडक असणारच. … हे बघ, क्लच म्हणजे शेवटी घर्षण, आणि घर्षणाच्या धड्याला लातूरमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. बाहेर खुर्च्या टाकून पोरं बसवावी लागतात. … पायाचं वेगळं आहे. पायाला अजून तो धडा झालेला नाही. पण रात्र आहे की मधे.

… नांदेडहून खाजाभाईनं आणून दिली. तो एसटीनं परत गेला. जाताना म्हणाला, सर, क्लच हळू सोडा, उधारी मागितल्यासारखा. मी म्हटलं… एक मिनिट, अक्का.

… नाही, लाइन चालू आहे. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज येऊन राहिला. किल्ली तर मी टीव्हीवर ठेवली होती. … टीव्हीवर नाही.

थांब, खिडकीतून बघतो. वायर पुरते इथपर्यंत.

… लक्ष्मी बसलीये आत.

… अगं बंद पडेल ती आत्ता. बघ तू. … पडली नाही. … मागं घेऊन राहिली. गेटातून मागं. तिकडं जोश्यांची स्कूटर आहे, इकडं नाली आहे, आणि मधून… निघाली. उडी नाही, काही नाही. … पहिला टाकला. … दुसरा. … कोपऱ्यावर हॉर्न पण दिला, अक्का. गेली.

… काय होतं तिच्या माहेरी? … ट्रॅक्टर? … नांगरायची? लग्नाच्या आधी? … आणि हे मला आत्ता सांगून राहिलीस? लग्नाची बोलणी तूच केली होतीस ना? स्वयंपाक येतो सांगितलंस, विणकाम येतं सांगितलंस…

… मी विचारलं नाही, हे खरं आहे.

… नाही, रागावलो नाही. लई छान चालवते गं. खोटं कशाला बोलू? तिसरा टाकला तेव्हा आवाज ऐकलास ना, कसा सुरात आला? दोन महिने मी त्या आवाजाची वाट पाहून राहिलो होतो.

… हाव, येतो. सगळे येतो. तीच आणेल, दुसरं कोण?

… हाव, करंडी घेतो.

… अक्का, ठेवू नको. एक काम कर. माझं नाही ऐकणार, पण तुझं ऐकेल ती. तिला म्हणावं, देगलूरला आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत तू आण. तिथं खाली उतर, आणि पुढं मांडवापर्यंत तेवढं त्याला चालवू दे. … तेवढंच. … न्यूट्रलमध्ये.

… आणि अक्का, तुमची गल्ली उताराची आहे ना?