निरांजनेच्या अळणी व्रताची सांगता

मंडळी, जरा पुढे सरका. मुलांना पुढे बसू द्या, दाराशी उभ्या आहेत त्यांनाही जागा होईल. नामगजर झाला, टाळ मांडीवर ठेवा, आणि आजचा प्रश्न मनात धरा. प्रश्न असा — देवासाठी घेतलेलं व्रत आपण सोडलं, तर देव रागावतो का?

लगेच माना डोलावू नका. इथं बसलेल्या निम्म्या बायकांचा आज कसला ना कसला उपास असणार. माझाही आहे. म्हणूनच हा प्रश्न मला सोपा वाटत नाही.

तर ऐका. मुलूख आहे कथेतला, नकाशात शोधू नका. त्या मुलखात सावळी नावाची नदी. नदीच्या अलीकडे ज्वालापूर, पलीकडे नीरगाव. ज्वालापूरकर ज्योतीला देव मानायचे, नीरगावकर पाण्याला. एक आपल्या मेलेल्या माणसाला अग्नी देणार, दुसरा त्याला नदीच्या कुशीत सोडणार. फरक एवढाच. भाकरी तीच, अंगाई तीच. शिव्यासुद्धा त्याच! तरी युद्ध पेटलं. कुणाचा देव मोठा म्हणून. देवाला कुणी विचारलं होतं? नाही. देवाला विचारत बसलं तर युद्धाचा मुहूर्त टळतो.

ज्वालापूरच्या देवळाचे महंत ज्वालेंद्रस्वामी. त्यांनी गावातले तरणे मुलगे देवळात बोलावले, एकेकाच्या ओंजळीत पाणी दिलं आणि संकल्प सोडायला लावला — "ज्योतीचा जय होईपर्यंत मी थांबणार नाही."

त्यात होता तेजमल. निरांजनेचा एकुलता एक. आईनं त्याच्या मनगटाला हळदीचा धागा बांधला. म्हणाली, "तेजू, धाग्याला गाठ मारलीय, सोडू नकोस." तो हसला. "आई, गाठ तुझी आहे. मला कुठली सुटायला?"

पहिल्याच लढाईत भाला छातीतून आरपार गेला. प्रेत घरी आणलं. सरण रचलं. आई डोळे मिटून उभी, आणि लोकांत एकदम गलका झाला. पाहते तो तेजमल सरणावरून उठलेला. छातीत भोक, पापणी हलत नाही, श्वास नाही. भाला उचलला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला.

का उठला? शब्द दिला होता ना. थांबणार नाही म्हणाला होता. श्वास थांबला, शब्द थांबला नाही. त्याच्यासारखे जेवढे पडले, तेवढे सगळे उठले.

आता सांगा, गावानं काय केलं असेल? घाबरलं? पळालं? नाही हो. गावानं नगारे वाजवले. साक्षात चमत्कार! महंत म्हणाले, "पाहा, देवानं आपले वीर परत दिले." आणि आया — मंडळी, इथं चूक झाली — आया ताटं घेऊन दारात आल्या. आपल्या मेलेल्या मुलांना त्यांनी कुंकू लावलं, ओवाळलं, आणि पुन्हा रणात पाठवलं. निरांजनेनंही ओवाळलं. कपाळ थंडगार लागलं बोटाला. पण जिचा मुलगा समोर उभा आहे, ती बोटाचं ऐकेल का? तिनं तिथंच व्रत घेतलं — "माझा तेजू जिंकून घरी येईपर्यंत मी मिठाला शिवणार नाही."

पेटीवाले काका, सूर जरा खाली घ्या. पुढचं हळू सांगायचं आहे.

नदीचा काठ जिंकला. आया म्हणाल्या, झाला ना जय? महंत म्हणाले, "अजून नीरगाव आहे." नीरगाव पडलं, तिथली माणसं बंदी करून आणली. महंत म्हणाले, "अजून डोंगर आहेत." डोंगर झाले. "अजून समुद्र आहे." आणि ती मेलेली फौज चालत राहिली. कपडे गळाले, कातडी सुकली, शब्द तेवढा शाबूत. दर मोहिमेआधी तिला गावातून फिरवायचे, आया ओवाळायच्या. निरांजनेच्या स्वयंपाकघरात मिठाची बरणी पालथी पडलेली. रोज ती तेजूचं पान वाढायची. तेही अळणी.

एके दिवशी ती महंतांपुढे गेली. "स्वामी, माझ्या मुलाच्या व्रताचं उद्यापन कधी?"

"देवकार्याला उद्यापन नसतं, बाई."

"असं कसं? माझ्या सासूबाईंनी जन्मभर व्रतं केली. प्रत्येकाची सांगता केली. शेवट नसेल तर त्याला व्रत कसं म्हणायचं?"

"मग काय म्हणशील?"

निरांजना म्हणाली, "वेठ."

बायांनो, सोळा सोमवार केलेत ना? सतराव्या सोमवारी काय करता? उद्यापन. देव सतरावाच काय, विसावा सोमवारही मागू शकला असता. त्यानं मागितला नाही. तो सोडतो. धरून ठेवतात ती माणसं.

निरांजना घरी आली आणि तिनं ठरवलं. सासूचं राहिलेलं व्रत सून पुरं करते, तर मुलाचं आईनं का करू नये? उद्या फौज समुद्राकडे निघणार, दुपारी आपल्या दारावरून जाणार. त्याआधी पाहुणी जेवू घालायची, मग स्वतः मिठाचा घास घ्यायचा, सांगता करायची. पण हा घास घेतला की तेजू थांबणार. थांबणार म्हणजे काय, ते तिला कळत होतं. आज निदान दारावरून जाताना दिसतो तरी.

सकाळी ती शेजारच्या धुपाबाईकडे गेली. "धुपे, आज माझ्याकडे जेवायला ये. व्रत सोडतेय."

धुपाबाईचा मुलगाही त्याच फौजेत. ती मागे सरकली. "आणि तुझ्यापाठोपाठ माझाही आडवा झाला तर? नको गं बाई. माझा चालतोय तेवढा चालू दे."

"चालतोय. पण कधी आई म्हणाला का तुला?"

धुपाबाईनं दार लावून घेतलं. गल्लीतली सगळी दारं तशीच लागली. मग निरांजना देवळामागे गेली. तिथं नीरगावच्या बंदी बायका दळत बसल्या होत्या. त्यांतल्या एकीपुढे ती वाकली. बाईचं नाव पुष्करा.

"माझ्याकडे जेवायला याल?"

पुष्करेनं जातं थांबवलं नाही. "कशाला?"

"माझ्या मुलाचं व्रत सोडवायचंय. पाहुणी कुणी मिळेना."

"माझा मुलगा तुमच्या त्या चालत्या मड्यांनीच मारला. मारणाऱ्याच्या मनगटाला हळदीचा धागा होता. तेवढा लक्षात आहे माझ्या."

मंडळी, निरांजना गप्प राहू शकली असती. धागे काय, कुणाच्याही हाताला असतात. पण तिच्या तोंडून निघालं, "तो धागा मी बांधला."

जातं थांबलं.

मग पुष्करा उठली, पदराला हात पुसले. म्हणाली, "माझा नदीत निजलाय. मी रडले, रडून उठले. तुला अजून रडताही आलेलं नाही. चल. पण मी तुझ्यासाठी येत नाहीये. उद्या समुद्राकाठी आणखी कुणाचा मुलगा मरेल, त्याच्यासाठी येतेय."

पान मांडलं. वरण, भात, भाजी. पुष्करा पानावर बसली, पानाकडे पाहिलं आणि म्हणाली, "मीठ?"

पान वाढायचं तर आधी मीठ वाढायचं. तिकडेही तीच रीत. आणि घरात मिठाचा खडा नाही! बाहेर फौजेची पावलं ऐकू येतायत. उसनं मागावं तर दारं बंद. निरांजना रिकामी बरणी हातात घेऊन उभी. तेवढ्यात परसातल्या भिंतीवरून एक हात आला. हातात वाटी. वाटीत मीठ. हात धुपाबाईचा. तोंड दिसलं नाही, हुंदका मात्र ऐकू आला. "घे. आणि मलाही सांग कसं करायचं ते."

निरांजनेनं पानात मीठ वाढलं. पुष्करेनं भात कालवला, पहिला घास घेतला. आणि दारात पावलं थांबली.

तेजमल उभा होता. आता घास घ्यायचा निरांजनेनं. हात तोंडाशी नेला आणि तिथंच राहिला. मुलगा समोर आहे. घास खाली ठेवला तर उभा राहील. उद्याही दिसेल. परवाही दिसेल. पुष्करा हळूच म्हणाली, "अगं, दमलाय तो. बघ तरी त्याच्याकडे."

पहिल्यांदा तिनं पाहिलं. ओवाळताना कुंकू पाहिलं होतं, मुलगा पाहिला नव्हता. ती म्हणाली, "तेजू, तुझं राहिलेलं मी पुरं केलं रे. बस आता." आणि घास घेतला. मीठ जिभेला लागलं, तसे डोळे वाहू लागले.

लहानपणी खेळून आल्यावर बसायचा, तसा तेजमल उंबऱ्यावर बसला. भाला खाली ठेवला. डोकं चौकटीला टेकलं. पापण्या मिटल्या. धाग्याची गाठ आईनं स्वतः सोडली.

त्या दुपारी ज्वालापुरात दारामागून दार उघडलं. घरोघर पानं मांडली, आणि पानांवर बसायला बंदी बायकांना हाताला धरून आणलं. एकेक घास, आणि गल्लीत एकेक भाला खाली. संध्याकाळी नदीकाठी सरणं पेटली. त्या उजेडात दोन्ही गावच्या बायका शेजारी शेजारी बसून रडल्या. महंतांसाठीही एक पान वाढलं होतं. ते आले नाहीत. अजून उपाशी आहेत म्हणतात.

देव रागावला का? तुम्हीच सांगा.

आणि आता घरचं विचारते. आपल्याकडे मेलेली माणसं चालत नाहीत असं कोण म्हणेल? बांधावरून आजोबांचं भांडण झालं होतं. आजोबा गेले, भांडण चालतंय. आपण त्याला दरवर्षी कुंकू लावतो, ओवाळतो, "आमच्या घराण्याचा शब्द आहे" म्हणतो. थोरल्या जावेशी अबोला धरला, कधीपर्यंत? ती आधी बोलेपर्यंत. आणि तिनंही तेच ठरवलं असेल तर? ज्या व्रताला सांगता नाही, ते देवानं दिलेलं नाही, एवढं ओळखा.

आज प्रसादाची पंगत आहे. ज्याच्याशी बोलणं सोडलंय असं माणूस याच मांडवात बसलं असेल. वाढपी मंडळी, आज मिठाचं भांडं तुम्ही फिरवू नका. ते मधे ठेवा. ज्याचं त्यानं उठून, ज्याच्या पानात वाढायचं त्याच्या पानात वाढावं.

पानं मांडा.