टेकडीखालचं बाळंतपण

राजनंदिनी पहिल्यांदाच महादेवाची टेकडी पाहायला निघाली होती. गोरेगावात जीप भरायची वाट पाहत बसली असताना मागच्या बाकावरच्या दोघींचं बोलणं तिच्या कानावर आलं. एक म्हातारी होती. दुसरी तरुण, मांडीवर लहान मुलगी घेतलेली.

“टेकडीवर काय काय हाय गं पाहायला?”

“वर महादेव हाय, मावशी. पल्याड तळं हाय. पायथ्याला बुद्धविहार. आमी आधी तिथंच उतरतो.”

“काहून?”

“ही माझी कोमल तिथं झाली.”

“विहारात?”

“व्हय. नववा सरत आला व्हता. सासूबाई म्हणल्या, महादेवाला नारळ फोडून येऊ. उतरताना कळा सुरू झाल्या. गाडी काही मिळंना. विहारात बाया वंदनेला जमल्या व्हत्या, त्यांनीच मला धरून आत नेलं.”

“बाळंतपण कोणी केलं मग?”

“त्यांच्यातल्याच पद्माबाईंनी. लेकरू रडंना. त्या पाठ चोळतच राहिल्या, तवा कुठं रडलं. आपलं पांढरं लुगडं फाडून त्यात गुंडाळलं त्यांनी.”

“अन् सासूबाई?”

“आधी त्या विहाराजवळच्या बौद्ध वस्तीचं पाणी बी घेत नव्हत्या. त्या दिवशी पद्माबाईंच्या हातचा चहा पेल्या अन् त्यांच्याच खांद्यावर डोकं टेकून रडल्या.”

“आज नाही आल्या सोबत?”

“त्या आठ दिवसांपासून तिथंच हायत, पद्माबाईंकडं. पद्माबाईंना आता डोळ्यानं दिसत न्हाई. सासूबाई हाताला धरून फिरवून आणतात. घरी चला म्हणलं, तर येऊनच नाही राहिल्या.”